आगर म्हणजे कुठलं?

माणूस मरायच्या आधी काय लिहून ठेवतो, हे बघायची मला भारी हौस होती. ऐकायला वाईट वाटेल, पण खरं ते सांगते. माझ्यासाठी कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणूनही असेल. नवरा गेला तेव्हा मी अठरा वर्षांची. त्यानं मागे एक चिठोरं ठेवलं नाही, आणि सासरच्यांनी "दोन वेळचं जेवण मिळेल" एवढं तोंडी सांगितलं. ते जेवण मी सहा महिने जेवले आणि एक दिवस ट्रंक उचलून पेणजवळच्या माहेरी निघून आले. पुढे पुण्याला शिकले, मास्तरीण झाले आणि श्रीवर्धनच्या बाजूला एका गावात मुलींच्या शाळेवर रुजू झाले. ज्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी होत्या, ते हे दिवस.

राहायला खोली मिळाली ती एका बागाइतदाराच्या घरी, पडवीला लागून. घरात माणसं दोनच. म्हातारे काका आणि त्यांची धाकटी बहीण. बहिणीला सगळं गाव आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. नवव्या वर्षी विधवा होऊन त्या भावाकडे आल्या, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. काकांची बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. भावाभावांच्या वाटण्या जुन्या काळी झालेल्या, आणि मेलेल्या भावाचा एक मुलगा मुंबईला नोकरीला. जवळचं म्हणावं असं तेवढंच.

घरामागे माड-पोफळींची बाग होती आणि त्या बागेची खरी मालकीण कोण, हे विचारायची गरज नव्हती. पाटाचं पाणी कुठं मुरतंय, कुठला माड यंदा रुसलाय, पोफळीवर चढणारा गडी किती घड चोरतो, सगळं आत्यांना तोंडपाठ. सकाळी रहाट कुरकुरायला लागला की "पोफळीत जाते हो" म्हणून ज्या जायच्या, त्या न्याहारीलाच परत यायच्या. येताना ओच्यात काहीतरी असायचंच. एखादं जायफळ, चार मिरीचे घोस, नाहीतर मला द्यायला शहाळं.

मी त्या घरी राहायला येऊन तीन महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी काकांनी हाक मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, त्यामुळे ते माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून बोलायचे.

"बाई, मृत्युपत्र करायचंय. लिहाल का?"

मला आतून उकळ्या फुटल्या, पण चेहरा गंभीर ठेवला. म्हटलं, "पोस्टमास्तर आहेत की गावात. त्यांना सवय असेल."

"सवय आहे हो. पण सकाळी लिहिलं की संध्याकाळपर्यंत गावाला पाठ होतं. तुमचं इथं कोण आहे सांगायला?"

सांगायला माझ्याकडे अख्खी शाळा होती, पण लिहायची हौस त्याहून मोठी. आत्या मागे बागेत होत्या. मी दौत-टाक घेऊन ओटीवर बसले.

काकांनी सुरुवात मोठ्या थाटात केली. "मी स्वसंतोषाने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही भरीस न पडता लिहून ठेवतो की..." मी हात थांबवून विचारलं, "काका, भरीस पडला नाहीत हे मुद्दाम कशाला लिहायचं? पडला नाहीत ना?"

"बाई, लिहा."

"आणि अक्कलहुशारी? ती नाही असं कोण म्हणणारे?"

"पुतण्या म्हणेल. लिहा तुम्ही."

अशी आमची गाडी अडखळत चालली होती. मला प्रत्येक शब्दाचं कुतूहल, आणि काकांना लवकर संपवून तपकिरीची डबी उघडायची घाई. त्यांनी सांगितलं ते एवढंच. राहतं घर, समोरची जागा, भाताची खाचरं आणि बाकी माझं म्हणून जे जे निघेल ते पुतण्याला. बहिणीला मरेपर्यंत घरात राहू द्यावं. आणि आगर मात्र बहिणीला, पूर्ण तिच्या मर्जीचं.

इथं माझा शहाणपणा आडवा आला.

आमच्या पेण-उरणकडे आगर म्हणजे मीठ पिकतं ती जागा. दुसरा अर्थच नाही. माझे वडील मिठाच्या आगरावर कारकून होते, मी त्या बांधांवरून धावतच मोठी झाले. आणि काकांचं पेणच्या खाडीवर मिठागर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खोली देताना ते म्हणाले होते, "तुम्ही पेणच्या का? अहो, तिकडे माझंही थोडं मीठ पिकतं!" मग कुठलं आगर, हे विचारायचं कशाला? शाळेत मी मुलींच्या डोक्यावर रोज टपला मारायची, मोघम लिहू नका म्हणून. तेव्हा मोघम राहू नये म्हणून मी आपल्या मनानं दोन अक्षरं आधी जोडली आणि लिहिलं, 'मिठागर बहिणीस'. लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. बाईमाणसाला भाऊ मिठागर देतोय, केवढं मोठं मन, असंही वाटलं. कपाळ माझं!

साक्षीला पोस्टमास्तर आले आणि शेजारचे चाचा आले. चाचा बोटीवरची नोकरी संपवून घरी बसलेले, जगभरची बंदरं बघितलेले. साक्षीदारांनी फक्त सही बघायची, मजकूर ऐकायचा नाही, असं काकांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून मी आधी एकट्या काकांना सगळं वाचून दाखवलं. मागे रहाट कुरकुरत होता, काकांना कमी ऐकू यायचं. 'मिठागर' हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांच्या कानात त्यातलं 'आगर' तेवढं शिरलं असणार. मग त्यांनी चाचपडत सही केली, दोघांनी साक्षी घातल्या, आणि खाली लिहिणार म्हणून माझं नाव पडलं.

चाचांना फाटकापर्यंत पोचवायला गेले ती मुद्दामच. मला विचारायचं होतं, त्यांच्यात कसं असतं.

"आमच्यात वसियत तिसऱ्या हिश्श्याच्या वर करता येत नाय," चाचा म्हणाले. "बाकीचं कुनाला किती, ते ठरलेलं हाय. मानसाच्या मर्जीवर सोडलेलं न्हाय."

"आणि बहीण? समजा भावाला मूलबाळ नाही, आईवडील, बायको कुणी नाही. एक बहीण आणि एक पुतण्या."

चाचांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "निम्मं भैनीचं. तिला कुनी द्यायचं नसतं, तिचं असतंच."

मी चाटच पडले. घरी येऊन आत्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या बिचाऱ्या ओल्या पायांनी चुलीशी बसून आमसुलाचं सार उकळत होत्या.

वैशाखात काका गेले. तसे गेले ते शांतपणे, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. पुतण्या मुंबईहून आला, त्यानं सगळं नीट केलं, कुठं कमी पडू दिलं नाही. तिशीतला माणूस, कमी बोलणारा, चष्मेवाला. मला तो आवडलाही होता. तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि त्यानं ओटीवर बसून लिफाफा फोडला. आत्या दाराच्या आत उंबऱ्याशी बसल्या होत्या, मी पडवीत, साक्षीदार म्हणून चाचा अंगणातल्या बाकावर.

तो वाचत गेला. 'मिठागर बहिणीस' हे वाचलं आणि थांबला.

"आत्या, तुला मिठागर ठेवलंय काकांनी."

"कुठलं?" आत्या म्हणाल्या.

"पेणचं. पण त्यात काही राहिलं नाही गं. गेल्या पावसाळ्यात समुद्राकडचा बांध फुटला आणि सगळं पाण्याखाली गेलं. आजारी माणूस म्हणून मी काकांना कळवलं नव्हतं."

आत्या हसल्याच. "काहीतरी वाचतोस. दादा मला स्वतः म्हणाला होता, आगर तुझ्या नावानं करून ठेवलंय म्हणून."

मी मोठ्या तोऱ्यात मध्ये बोलले, "हो ना, तेच लिहिलंय आत्या. आगर."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून मागचं दार दाखवलं. दारातून पोफळींचे बुंधे दिसत होते. "आगर म्हणजे हे, बाई. जुनी माणसं ह्यालाच आगर म्हणतात. तुम्ही काय लिहिलंत?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इतके महिने त्या घरात राहून मी तो शब्द बागेसाठी एकदाही ऐकला नव्हता. आत्या म्हणायच्या पोफळीत जाते, गडीमाणसं म्हणायची वाडीत आहेत, मी म्हणायची बाग. एकटे काका आगर म्हणाले, आणि तेही एकदाच, मृत्युपत्रात. बाग बहिणीला द्यायची होती. माझ्या हातानं ती 'बाकी जे जे निघेल ते' यात पडून पुतण्याची झाली होती.

मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, काकांची नाही, काकांनी आगर सांगितलं, मिठागर मी केलं.

पुतण्यानं चष्मा काढून पुसला. "बाई, आगर म्हणजे मिठागर? असं कोण म्हणतं? मिठागराला लोक मिठागर म्हणतात."

"आमच्याकडे नुसतं आगरच म्हणतात."

"तुम्ही इथं राहता, आत्याच्या हातचं जेवता. आज बाग चांगली आणि मिठागर बुडालेलं, हे कळल्यावर तुम्हांला चूक आठवते?"

माझा पारा चढला. मी खोटी? मी आत जाऊन कागद आणला आणि त्याच्यासमोर लिहून दिलं, की शब्द मी माझ्या मनानं वाढवला, आणि खाली सही केली. तो म्हणाला, "असा कागद शाळाखात्याकडे गेला तर तुमची नोकरी जाईल, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "जाऊ दे." म्हटलं खरं, पण रात्री पगाराचा हिशेब मांडत बसले. नोकरी गेली तर पुन्हा दोन वेळचं तोंडी जेवण, आणि ते मी एकदा जेवून बघितलं होतं.

तो कागद घेऊन वकिलाकडे जाऊन आला. वकील म्हणाला, मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते लिहिणारीनं मागून सांगून चालत नाही, लिहिलंय ते लिहिलंय. म्हणजे आता सगळं एकट्या पुतण्याच्या हातात होतं. त्याला मुंबईत घर घ्यायचं होतं, आणि सुपारीचा एक व्यापारी बाग बघून गेला. दिवाळीनंतर खरेदीखत व्हायचं ठरलं. आत्यांना घरात राहता येणार होतं, पण मागचं दार उघडून जायचं कुठं?

तीन दिवस आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढून ठेवायच्या आणि उठून जायच्या. मला वाटायचं, त्यांनी मला चार शिव्या घालाव्यात, ताट भिरकावून द्यावं, काही करावं. त्या फक्त सकाळी रहाट लागला की पोफळीत जायच्या आणि न्याहारीला परत यायच्या. पुतण्याकडे त्यांनी एक शब्द टाकला नाही. मी म्हटलं, "अहो, त्याला सांगा तरी!" तर म्हणाल्या, "पन्नास वर्षं ज्याला पाणी घातलं ते मला द्या म्हणून मागू? नाही जमायचं मला."

चौथ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते. आत्या शेजारी येऊन बसल्या, दोन शेंगा मोडल्या आणि एकदम विचारलं, "ते पेणचं कसं आहे हो? मोठं आहे?"

मला आधी कळलंच नाही त्या काय विचारतायत. "मिठागर? बुडालंय ना ते."

"बुडालं तरी जागा आहे ना? माझ्या नावचं आहे म्हणता. मग बघायला नको?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. त्या बाईच्या नावावर आयुष्यात एक भांडंसुद्धा नव्हतं, आणि आता एक जागा होती. कुठं होती, केवढी होती, पाण्याचा रंग कसा होता, सगळं त्यांना बघायचं होतं. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चौकशा करत आले, पण आत्यांसारखं आपल्या डोळ्यांनी बघायला निघावं, हे मला कधी सुचलं नसतं.

दिवाळीची सुटी लागली तशी आम्ही निघालो. मिठागर आत्यांच्या नावावर चढवायला पेणच्या कचेरीत पुतण्यालाही यावंच लागणार होतं, म्हणून तोही निघाला. होडीतून आगबोटीवर चढताना आत्यांनी माझा दंड असा धरला की आठ दिवस वळ होता. मुंबईपर्यंत त्या लिंबू नाकाशी धरून बसल्या. पण धरमतरच्या लाँचमध्ये त्यांची भीड चेपली. खाडी दिसायला लागली तशा त्या उतारूंना विचारत सुटल्या, हे कुणाचं, ते कुणाचं, तिवरांची झुडपं एवढी का माजलीत. मी पुतण्याशी बोलत नव्हते, आणि तो माझ्याशी.

माझ्या माहेरी एक मुक्काम करून सकाळी बैलगाडीनं निघालो. गाडी जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे बांधावरून चालत. भरती होती. समोर नुसतं पाणी, पाण्यात तिवरांचे शेंडे, आणि फुटलेल्या बांधाचे दोन तुकडे. एक म्हातारी कमरेला टोपली बांधून खेकडे धरत होती. आम्हां तिघांना बघून ती उभी राहिली.

"आगर बगायला आलाव व्हय?" ती ओरडून म्हणाली. "आगर न्हाय आता बाय! पानी हाय सगला!"

मी तिला पढवून ठेवलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुतण्या मात्र थबकला. मग बांधाच्या कडेला जाऊन त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही आगर कशाला म्हणता?"

म्हातारीला हा माणूस वेडा वाटला असावा. "आगर म्हंजे काय? मीठ पिकतं तो आगर! तू मीठ न्हाय खात?"

"आणि माडांची, पोफळीची बाग असते ती?"

"ती वाडी. आगरात कदी माड लागतो काय?" आणि ती एवढी हसली की टोपलीतले खेकडे हलले.

पुतण्या उन्हात तसाच उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्याची दयाच आली. आपण एखाद्याला खोटं ठरवावं आणि ते खरं निघावं, ते कसं लागतं ते मलाही माहीत आहे.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, चुकलं माझं. मला वाटलं होतं तुम्ही दोघींनी मिळून रचलंय."

"चुकलं माझं आधी," मी म्हटलं. "तुम्ही नंतरचे."

आत्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या बांधाच्या तुटक्या टोकाशी गेल्या होत्या. खाली वाकून त्यांनी चिखल चिमटीत घेतला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे हो!" जसं काही तसं नसतं तर नवल! मग म्हातारीला विचारून विचारून त्यांनी हद्द समजून घेतली. कुठून कुठवर, पलीकडे कोणाचं, पाणी उतरलं की काय दिसतं. ऊन तापलं तरी त्या हलेनात. पुतण्या कंटाळून म्हणाला, "आत्या, कटकट कशाला, हे मिठागर माझ्याच नावावर चढू दे. घरामागचं आगर तुझंच, तू असेपर्यंत. मी विकत नाही. लिहून देतो."

मला वाटलं आत्या रडतील. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शहाणा आहेस. पण हे मी नाही देणार. हे मला मिळालंय."

पेणच्या कचेरीत मिठागर आत्यांच्या नावावर चढलं, आणि घरी गेल्यावर त्यानं बागेचंही खरंच लिहून दिलं. व्यापाऱ्याला नकार कळवला, मुंबईच्या घराचं पुढे ढकललं. आत्यांच्या हयातीपर्यंत आगराचा उपभोग आत्यांचा, त्यांनी ते विकू नये, कुणाला देऊ नये, मागून ते त्याचं. कागद त्यानं स्वतः लिहिला आणि मला वाचायला दिला. आगराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते सगळं त्यात होतं, विहिरीसकट. मी एक अक्षर बदललं नाही. माझा कबुलीचा कागद त्यानं माझ्या हातात परत ठेवला, आणि मी तो चुलीत घातला.

आत्या पहिल्यासारख्या पोफळीत जायला लागल्या. फरक एवढाच की आता विहिरीवर, देवळात, कुणाच्या डोहाळजेवणात, कुठंही चार बायका जमल्या की त्या सहज सांगायच्या, "आमचं पेणला मिठागर आहे." कुणी विचारलं, मीठ येतं का, तर म्हणायच्या, "सध्या पाणी आहे." मला आधी हसू यायचं. मग मी हसायची थांबले, कारण ते सांगताना त्या जरा ताठ बसायच्या, हे माझ्या लक्षात आलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मी त्याच खोलीत होते. आत्या थकल्या, पाटापर्यंत जायचं तर काठी लागायची. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाई, कागद घ्या. मृत्युपत्र करायचंय."

या वेळी मी शब्दाशब्दाला थांबत होते. म्हटलं, "आगराचं काय लिहू?"

"ते कसं लिहिणार? ते मला राहायला दिलंय, द्यायला नाही. मी गेले की त्याचं त्याच्याकडे. द्यायला माझ्याकडे एकच आहे. ते पेणचं."

मी लिहिलं. 'पेणच्या खाडीवरील मिठागर'. मग विचारलं, "कुणाला?"

"तुम्हांला."

माझा टाक थांबला. म्हटलं, "आत्या, भलतंच काय! ज्या चुकीनं तुमचं आगर जात होतं, तिचं मलाच बक्षीस?"

"चुकलात म्हणून तर माझ्याकडे द्यायला काही आलं. दादानं सांगितलं तसं लिहिलं असतंत तर आगर मिळालं असतं, खरं आहे. पण ते पुढं याच घरात राहिलं असतं. त्याला सोडून मी बाहेर कुणाला थोडंच दिलं असतं? हे मात्र माझं एकटीचं आहे. मला वाटेल त्याला देईन."

मी रडले. अगदी शाळेतल्या पोरीसारखी, पदराला नाक पुसत. सासरी मी ट्रंक उचलली तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. मग लिहिणारीनंच घ्यायचं हे शोभत नाही म्हणून पोस्टमास्तरांना बोलावलं. त्यांनी नवा कागद लिहिला, आत्यांनी तो तीनदा वाचवून घेतला, प्रत्येक वेळी रहाट थांबवायला लावून. पोस्टमास्तर आणि आणखी दोघांसमोर अंगठा उठवला. संध्याकाळपर्यंत गावाला पाठ झालं, ते वेगळं सांगायला नको.

सगळे गेल्यावर मी पुन्हा म्हटलं, "पण आत्या, खरं सांगा. बुडालेलं आगर घेऊन मी काय करू?"

आत्या माझ्यावर चिडल्याच. "म्हणजे? मी काय केलं? माझं आहे म्हणून सांगत फिरले. तुम्हीही सांगा."